‘फोटो सगळ्यांना पाठवीन’ अशी धमकी आली तर: गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

समजा, रात्री अकराला मेसेज येतो: ‘अर्ध्या तासात दहा हजार पाठव, नाहीतर हे सगळ्यांना जाईल.’ खाली एक फोटो किंवा व्हिडिओ कॉलचा तुकडा, आणि त्याखाली तुमच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट. यादीत मावशी आहे, ट्यूशनच्या बाई आहेत, वाड्यावरचा दादा आहे, अर्धा वर्ग आहे.

धमकी देणाऱ्याची सगळी ताकद त्या यादीत आहे. फोटोपेक्षा ‘घरी कळेल’ ही भीती त्याला जास्त उपयोगी पडते. गोवा लहान आहे. पेडण्यात झालेली गोष्ट दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या पाहुण्यांना ठाऊक असते, आणि चवथीला सगळे एकाच माटोळीखाली जमतात. म्हणून इथली मुले घरी सांगण्याऐवजी पैसे पाठवत राहतात. या लेखातली प्रत्येक पायरी त्याची ही ताकद काढून घेण्यासाठी आहे. सुरुवात एकाच गोष्टीने होते: घरातल्या किंवा विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला त्याच रात्री सांगणे.

मागणी दर वेळी पैशांचीच असते असे नाही. ‘आणखी फोटो पाठव’, ‘एकदा भेटायला ये’, ‘मला सोडून गेलीस तर बघ’, ‘पासवर्ड दे’ हेही ब्लॅकमेलच. आणि ते फक्त मुलींनाच होते या समजात कोणी राहू नये. अनोळखी ‘मुली’च्या नावाने व्हिडिओ कॉल करायचा, समोरच्याला कपडे काढायला लावायचे आणि ते रेकॉर्ड करून पैसे मागायचे, हा सापळा मुख्यतः मुलग्यांसाठी लावलेला असतो. मुलगे तर त्याबद्दल आणखीच गप्प बसतात.

पहिली रात्र: काय करायचे आणि काय नाही

पैसे पाठवू नका. एकदा पैसे मिळाले की ‘हा घाबरतो आणि देतो’, एवढेच धमकी देणाऱ्याला कळते. मागणी थांबत नाही, वाढते. आणखी फोटो तर अजिबात पाठवू नका. त्याच्याशी वाद घालू नका, शिव्या देऊ नका, हातापाया पडू नका, ‘पोलिसांत जाते’ असेही सांगू नका. तसे सांगितले तर तो खाते पुसून पळतो आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो.

लगेच ब्लॉकही करू नका. आधी पुरावा, मग ब्लॉक. आणि घाबरून स्वतःचे खाते डिलीट करू नका; त्यात चॅटही जाते. पुरावा जपून झाल्यावर हवे तर खाते तात्पुरते बंद ठेवा.

पैसे गेलेच असतील तर वेळ घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात किंवा एटीएमपर्यंत पोहोचण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. स्वतःच्या बँकेलाही कळवा.

आई-वडिलांसाठी एक गोष्ट जरा ठासून सांगते. मूल सांगायला येते, तेव्हा त्याने मनात तुमची प्रतिक्रिया शंभरदा पाहिलेली असते. ‘फोटो काढलासच कशाला?’, ‘म्हणून सांगत होते मोबाइल नको’ ही वाक्ये त्या रात्री तोंडून निघाली, तर पुढचे काही कळायची वाट बंद होते. त्याऐवजी एवढेच म्हणा: ‘बरे झाले सांगितलेस. चूक त्याची आहे. आता आपण दोघे मिळून बघू.’ मोबाइल हिसकावून घेऊ नका. मुलाला त्या रात्री एकटे झोपू देऊ नका. ‘मला जगायचेच नाही’ असे काही ते बोलले, तर ते नुसते बोलणे समजू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जिवाला धोका वाटला तर ११२. बांबोळीची मनोरुग्ण संस्था, म्हणजे आयपीएचबी, सरकारी आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

पुरावा कसा जपायचा

तक्रार टिकते की नाही, हे बरेचसे इथेच ठरते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

नुसत्या धमकीच्या वाक्याचा स्क्रीनशॉट अपुरा पडतो. पाठवणाऱ्याचे नाव किंवा नंबर, तारीख, वेळ आणि आधीचे-नंतरचे मेसेज दिसतील असे सलग स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टाग्रामवर दिसणारे नाव आणि युजरनेम वेगवेगळे असतात. दोन्ही लिहून घ्या. त्याच्या प्रोफाइलवर वरच्या तीन ठिपक्यांवर दाबले की प्रोफाइलची लिंक कॉपी करता येते. ती लिंक स्वतःलाच मेल करून ठेवा. तिथेच ‘या खात्याविषयी’ असा पर्याय मिळतो. खाते कधी उघडले आणि आधी कोणती युजरनेम वापरली, हे त्यात कळू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा पूर्ण नंबर देशाच्या कोडसकट टिपा. +९१ नसेल तर तेही पोलिसांसाठी महत्त्वाचे असते.

स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळते. इन्स्टाग्रामवर आपोआप नाहीशा होणाऱ्या मेसेजांचेही तसेच. अशा वेळी दुसऱ्या फोनचा कॅमेरा धरा आणि चॅट वरपासून खालपर्यंत सरकवत व्हिडिओ काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज ठराविक काळाने गायब व्हायची सोय चालू असेल, तर उशीर करू नका. रिपोर्ट किंवा ब्लॉक करताना चॅट पुसण्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली असू शकते. तो बघितल्याशिवाय ‘हो’ दाबू नका.

मग एका कागदावर क्रमवार टिपण करा: ओळख कधी झाली, पहिली मागणी कधी आली, काय पाठवले, किती पैसे गेले, कोणाकोणाला त्याने संपर्क केला. आठवते तसे, न सजवता. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले की तो मार्ग सोपा होतो.

एका बाबतीत मात्र खूप जपा. फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर त्या फोटोच्या प्रती काढू नका आणि ‘पुरावा’ म्हणून कोणालाही पाठवू नका. ना वर्गशिक्षिकेला, ना काकाला, ना ओळखीच्या वकिलाला व्हॉट्सअ‍ॅपवर. अशी सामग्री बाळगणे आणि पसरवणे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे. नुसती साठवणूकही सहज सुटणारी गोष्ट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. धमकीच्या मजकुराचे, नंबरचे, लिंकचे स्क्रीनशॉट घ्या. फोटो आहे त्या फोनमध्येच राहू द्या आणि तो फोन पोलिसांसमोर न्या.

फोटो उतरवण्याची धडपड

पोलिसांची वाट न पाहता हे काम सुरू करता येते. त्या त्या अ‍ॅपमध्ये पोस्ट आणि खाते, दोन्ही रिपोर्ट करा. कारण निवडताना ‘संमतीशिवाय खाजगी फोटो’ किंवा ‘ब्लॅकमेल’ हेच निवडा. ‘मला आवडले नाही’ अशा सौम्य पर्यायावर तक्रार मागे पडते. शिवाय कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार, खाजगी अवयव दाखवणारी, नग्न किंवा लैंगिक कृतीची, किंवा बनावट चेहरा बसवलेली सामग्री काढून टाकण्याबद्दल बाधित व्यक्तीची तक्रार आली, की फार तर २ तासांत कारवाई करणे कंपनीवर बंधनकारक आहे (फेब्रुवारी २०२६ आधी ही मुदत २४ तास होती). कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येते.

फोटो अजून पसरलेला नसेल, तरी एक उपाय आहे. वय १८ किंवा जास्त असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’, आणि फोटो १८ वर्षे होण्याआधीचा असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही संकेतस्थळे. फोटो तिथे चढवायचा नसतो. तो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्यावरून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो तिथे चढवायचा प्रयत्न झाला की तो ओळखता येतो. मर्यादाही ध्यानात ठेवा: व्हॉट्सअ‍ॅपच्या खाजगी चॅटमध्ये हे चालत नाही, आणि फोटो कापून-बदलून टाकला तर नव्याने नोंद करावी लागू शकते. तरीही करा. गुगलच्या शोधातून असे फोटो काढण्यासाठी वेगळा अर्ज आहे, तोही भरा.

तक्रार कुठे आणि कशी

गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे. पण तिथेच गेले पाहिजे असे नाही. वाळपई, डिचोली, काणकोण, जिथे असाल तिथल्या ठाण्यात तक्रार देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही तक्रार देता येते. मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद करायला नकार मिळाला, तर सगळा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानेही झाले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून ‘पीआय साहेबांना भेटायचे आहे’ असे सांगायला संकोचू नका.

गावच्या ठाण्यात ओळखीचे कोणी असेल आणि त्याचीच धास्ती वाटत असेल, तर रायबंदर किंवा केंद्राचे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल बरे. पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे तिचे काय झाले हे बघता येत नाही. म्हणून जमत असेल तर मोबाइल नंबर देऊनच करा आणि पावती क्रमांक जपा. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. तिचा पाठपुरावा ठाण्यातच करावा लागतो.

तक्रार मराठीतून द्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात सरकारी कामाला कोकणीबरोबर मराठीचीही मुभा आहे. साधा नमुना असा:

‘दिनांक … रोजी रात्री … वाजता इन्स्टाग्रामवरील … या खात्यावरून (लिंक: …) मला मेसेज आला. माझा खाजगी फोटो माझ्या ओळखीच्यांना पाठवण्याची धमकी देऊन रुपये … मागितले. फोटो प्रसारित करण्यास माझी संमती नाही. मी … रोजी … या यूपीआय आयडीवर रुपये … पाठवले (यूटीआर क्रमांक …). त्यानंतर … रोजी पुन्हा मागणी आली. स्क्रीनशॉट आणि घटनाक्रम सोबत जोडला आहे. मूळ फोन माझ्याकडे आहे. गुन्हा नोंदवून कारवाई करावी आणि माझी ओळख गुप्त ठेवावी.’

ठाण्यात ते इंग्रजीत टाइप झाले, तर सही करण्याआधी वाचून, समजावून घ्या. तारीख आणि युजरनेम अक्षरनअक्षर तपासा. एक अक्षर चुकले तर कंपनीकडून भलत्याच खात्याची माहिती येईल.

कलमे पोलीस लावतात, पण थोडी माहीत असलेली बरी. पैसे उकळणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये येते; शिक्षा ७ वर्षांपर्यंत. गुन्हेगारी धाकदपटशा ३५१ मध्ये, पाठलाग ७८ मध्ये. संमतीशिवाय खाजगी अवयवांचा फोटो काढणे-पसरवणे आयटी कायद्याच्या ६६ई मध्ये, लैंगिक सामग्री पसरवणे ६७ए मध्ये, दुसऱ्याच्या नावाने फसवणे ६६डी मध्ये. मुलगा बळी असेल तरी ६६ई, ६७ए आणि ३०८ लागू होतात.

‘फोटो तिनेच पाठवला होता’ हे वाक्य गोव्यात पोलीस ठाण्यापासून स्टाफरूमपर्यंत ऐकू येते. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. न्याय संहितेच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की स्त्रीने फोटो काढायला संमती दिली, पण तिसऱ्याला दाखवायला दिली नाही, तर पसरवणे हा गुन्हाच. हे कलम क्रमांकासकट लक्षात ठेवा आणि गरज पडली तर समोर ठेवा.

‘मिटवून टाकूया’ म्हणणाऱ्यांपासून सावध

आपल्याकडे अडचण आली की आधी पंचाला किंवा आमदाराच्या माणसाला फोन जातो. रस्त्यासाठी, नळासाठी ते ठीक. इथे मात्र मुलीचे नाव चार जास्त तोंडी जाते. मुलगा त्याच गावचा असेल तर दोन्ही घरांची बैठक बसते, तो माफी मागतो, सगळ्यांसमोर फोटो पुसतो. गॅलरीतून पुसलेला फोटो क्लाउडवर, मित्राकडे, दुसऱ्या फोनमध्ये असू शकतो, हे त्या बैठकीत कोणी विचारत नाही.

बळी पडलेले मूल १८ वर्षांखालचे असेल, तर मिटवण्याचा अधिकार घरच्यांनाही नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हा तिच्या प्रमुखाने दडवला, तर त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा. त्याखाली पणजीत बाल न्यायालय आहे. मुलांसाठी १०९८ हेल्पलाइन आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगही आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे हक्काने मागा.

शाळा, हायर सेकंडरी आणि कॉलेज

प्रकरण वर्गातले असले, की शाळेची पहिली धाव ‘चौकशी’कडे असते. मुलीला ऑफिसात बोलावतात, मुख्याध्यापक, दोन शिक्षक, कधी पालक-शिक्षक संघाचा अध्यक्ष, आणि सगळ्यांसमोर तिला पुन्हा सांगायला लावतात. हे करू नका. एकाच विश्वासातल्या शिक्षिकेने एकदाच ऐकावे, मुलीच्या शब्दांत टिपून घ्यावे आणि पालकांना व पोलिसांना कळवावे. फोटो बघायचा हट्ट धरू नये. विद्यार्थ्यांचे फोन जप्त करून शिक्षकांनी त्यातल्या गॅलऱ्या उघडू नयेत. ते पोलिसांचे काम आहे. आणि दोघांना एका वर्गात ठेवायचे नसेल तर वर्ग त्याचा बदलावा, तिचा नाही.

वर्गाच्या ग्रुपवर असे काही पडले, तर बघणाऱ्यांनी पुढे पाठवू नये. पाठवणाराही गुन्ह्यात येतो. कोणी, किती वाजता टाकले, एवढे टिपावे, फोटो न दिसेल असा ग्रुपच्या माहितीचा स्क्रीनशॉट घ्यावा, मग अ‍ॅडमिनने तो सर्वांसाठी काढून टाकावा.

कॉलेजात मार्ग थोडे वेगळे. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असल्यास मुदत वाढते. सीनियर मुले ग्रुपवर छळत असतील तर ते रॅगिंग. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. या तक्रारींमुळे पोलीस तक्रारीचा मार्ग बंद होत नाही, दोन्ही एकत्र चालतात.

शाळांनी स्वतःकडेही बघावे. गॅदरिंगचे फोटो मुलींच्या पूर्ण नावासकट उघड्या पेजवर, निकालाची यादी फोन नंबरसकट ग्रुपवर, असे चालते. ‘चेहरा तिचा, अंग दुसऱ्याचे’ असे बनावट फोटो अशाच साध्या फोटोंवरून तयार होतात. मुलाचे असे हुबेहूब बनावट चित्रही पॉक्सोच्या व्याख्येत येते.

आज रात्री दहा मिनिटांत

इन्स्टाग्राम खाते प्रायव्हेट करा, म्हणजे परक्याला फॉलोअर्सची यादी दिसणार नाही. फेसबुकवर मित्रयादी ‘फक्त मी’ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि जीमेलला टू-स्टेप पडताळणी लावा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक केलेली उपकरणे’ उघडून बघा: झेरॉक्सच्या दुकानात, लायब्ररीत किंवा जुन्या मित्राच्या लॅपटॉपवर लॉग-इन राहिलेले असते. झेरॉक्ससाठी आधार कार्ड दुकानदाराच्या नंबरवर पाठवले, तर काम झाल्यावर त्याच्यासमोर चॅट पुसून घ्या. फोन दुरुस्तीला देताना गॅलरी आणि क्लाउडचे खाते काढून द्या. आणि झटपट कर्जाचे अ‍ॅप संपर्क व गॅलरी मागू लागले, तर परवानगी देऊ नका. नंतर तेच नंबर आणि तेच फोटो धमकीसाठी वापरले जातात.

नंतरचे काही महिने

तक्रार दिली म्हणजे चार दिवसांत माणूस सापडेल असे नाही. कंपन्यांकडून माहिती यायला वेळ लागतो, आणि खाते परदेशातून चालत असेल तर आणखी. तपास अधिकाऱ्याचे नाव आणि गुन्हा क्रमांक लिहून ठेवा, दर पंधरवड्याला विचारा. ओळखीचा माणूस असेल आणि वाटेत अडवत असेल, बस स्टँडवर उभा राहत असेल, तर प्रत्येक वेळ तारखेसह टिपा आणि पोलिसांना वेगळे कळवा. गरज वाटली त्या क्षणी ११२. तोच फोटो पुढे कधी नव्या खात्यावरून आला, तर नवी तक्रार पहिल्यापासून सुरू करत बसू नका. जुन्या गुन्हा क्रमांकाचा उल्लेख करून, नवी लिंक आणि स्क्रीनशॉट जोडून त्याच अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या, आणि अ‍ॅपवरची तक्रार त्याच दिवशी करा.